डेव्हिएशनचा उर्दू अर्थ

रुखसाना, हे तुला मराठीत लिहिते आहे. आपण बावीस वर्षं हिंदीत बोललो. म्हणजे मी माझ्या हिंदीत, तू तुझ्या उर्दूत, आणि उरलेलं अंबरनाथमध्ये जी काही भाषा चालते तिच्यात. तुला मराठी सगळं कळायचं, फक्त बोलताना लाजायचीस. आता तुझ्या बाजूला येऊन बोलायचं त्राण माझ्यात नाही. या वेळी तू माझ्या बाजूला ये.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. मी दमले आहे. रडून नाही, रडू फारसं आलंच नाही. ड्रायरच्या खोलीत दिवसभर उभं राहिल्यावर पोटऱ्या कशा जड व्हायच्या, तसं सगळं अंग झालंय. बुवापाड्यात शेजारणी विचारतात, कोण गेलं तुमचं? मी सांगते, कंपनीतली मैत्रीण. त्या बरं म्हणतात आणि पुढे जातात. एवढ्याशा शब्दांत तू मावतेस याचा मला राग येतो, पण जास्त सांगायला बसायचं तर कुठून सुरुवात करायची तेही कळत नाही.

ड्रायरपासून करते. आपण तिथेच भेटलो. औषधाची ओली पावडर ट्रेमध्ये पसरायची, ट्रे आत सरकवायचे, दर अर्ध्या तासाने काट्यावरचं तापमान बघून कागदावर लिहायचं. मी बारवीकडच्या पाड्यातून लग्न होऊन आलेली, बदलापूरच्या शाळेत दहावी, इंग्रजीत काठावर पास. तू कल्याणच्या उर्दू शाळेतली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण पहिल्याच दिवशी म्हणालीस की मला बाजी-बिजी म्हणू नकोस, रुखसाना म्हण, नाहीतर तुझ्या वाटचे ट्रे पण मलाच उचलावे लागतील.

तेव्हा कागद सुपरवायझर भरायचे आणि आपण फक्त सही करायचो. मग बाहेरच्या देशाचे तपासनीस येणार म्हणून नोटीस लागली: ज्याने काम केलं त्यानेच नोंद लिहायची, आणि इंग्रजीत लिहायची. सेक्शनमधले पुरुष हसले. म्हणाले, आता या दोघी पॅकिंगला जाणार. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की माझं काम सुटतंय बहुतेक. तू मात्र दुसऱ्या दिवशी पिशवीतून ती डिक्शनरी घेऊन आलीस.

तुझे अब्बा कल्याणच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. डिक्शनरी त्यांची. पुठ्ठा गेलेला, पानं सुटलेली, परकराच्या नाडीने बांधलेली. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि समोर उर्दू अर्थ. मी म्हटलं, याचा मला काय उपयोग, मला यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तू म्हणालीस, मला येतं ना.

कँटीनच्या मागे पाण्याच्या टाकीच्या सावलीत आपण डबे उघडायचो. मी कागदावरचा शब्द दाखवायची, तू पान शोधायचीस, तुझं बोट उजवीकडून डावीकडे सरकायचं आणि तू अर्थ मोठ्याने वाचायचीस. मी तो दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायची. शब्द इंग्रजी, अर्थ उर्दू, अक्षरं मराठी. माझी मुलगी ती वही बघून विचारायची, आई, तू नक्की काय शिकतेयस? खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. आणि तुझा एक हट्ट होता. नुसता अर्थ लिहिला की तू वही मिटू द्यायची नाहीस. "मायने से क्या होता है, इस्तेमाल बता," म्हणायचीस. वाक्य केल्याशिवाय घास खाऊ द्यायची नाहीस.

किती गोंधळ घातले आपण. कागदाच्या तळाशी व्हेरिफाइड बाय असायचं. तू वाचलंस, तस्दीक करना. मला आमची तसदी आठवली. मला वाटलं, ज्याने या कामाची तसदी घेतली त्याचं नाव तिथे लिहायचं, आणि आठवडाभर मी तिथे हेल्परचं नाव लिहीत होते, कारण ट्रे तोच उचलायचा. समरीचा अर्थ तू खुलासा सांगितलास. तुमच्याकडे खुलासा म्हणजे थोडक्यात सार. आमच्याकडे खुलासा द्यावा लागतो तो आळ आल्यावर. साहेबांनी महिन्याच्या कामाची समरी मागितली आणि मी दोन पानं लिहिली की सांडलेली पावडर माझ्या हातून कशी सांडली नाही आणि फुटलेल्या काचेशी माझा कसा संबंध नाही. साहेब म्हणाले, तुला कोणी विचारलं होतं का? तू टाकीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस आणि वर म्हणालीस, मैंने तो सही बताया था.

आणि ते तफावतचं भांडण. डिस्क्रिपन्सीपुढे तू तफावत वाचलंस आणि मी म्हटलं, हा तर आमचा शब्द. तू म्हणालीस, उर्दूचा आहे. मी म्हटलं, माझे वडील भाताच्या मापात फरक आला की तफावत म्हणतात, त्यांनी जन्मात उर्दू ऐकलेली नाही. तू म्हणालीस, मग त्यांना कोणी दिला? मला ते लागलं. दोन दिवस मी तुला भाकरी दिली नाही. तिसऱ्या दिवशी तू स्वतःच माझ्या डब्यातून घेतलीस आणि भांडण तिथून पुढे चालू केलंस. ते मिटलं नाहीच. कबूल, हजर, मंजूर, इनकार, असा प्रत्येक शब्द निघाला की आपण पुन्हा तिथेच यायचो.

सहा महिन्यांत आपण दोघी नोंदी लिहायला लागलो. पॅकिंगला कोणी गेलं नाही.

त्यानंतर एक नवा फॉर्म आला, डेव्हिएशनचा. ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं, तापमान वर गेलं, वेळ चुकली, तर लपवायचं नाही, या फॉर्मवर लिहायचं. तू पान काढलंस. इन्हिराफ, वाचलंस. कजरवी. रास्ते से हट जाना. मुनहरिफ होना. मी इस्तेमाल विचारला, तेव्हा तू डिक्शनरी बाजूला ठेवलीस. तुझे अब्बा संध्याकाळी घरी यायचे, टाइपरायटर खाली ठेवायचे आणि एखाद्या दिवशी न जेवता पडून राहायचे. अम्मीने विचारलं की एवढंच बोलायचे, आज फिर एक गवाह मुनहरिफ हो गया. म्हणजे काल ज्याने पाहिलं म्हणून सांगितलं, तो आज उभा राहून म्हणतो की मी पाहिलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला साक्षीदार फितूर झाला म्हणतात. तू हसलीस. तुमच्याकडे फितूर म्हणजे डोक्यात बिघाड. मग म्हणालीस, तसा तो बिघाडच म्हणायचा.

मी वहीत लिहून घेतलं: डेव्हिएशन, इन्हिराफ, पाहिलेलं नाकारणे. काट्याच्या तापमानासाठी हा अर्थ जरा जास्तच झाला, असंही तेव्हा वाटलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. पण तुझ्यासमोर मी ते एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

गुरुवार होता. त्या मालाला साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नव्हतं. दीड वाजता तू मला हाक मारलीस, "वनिता, इधर देख." काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. वाफेचा व्हॉल्व्ह अडकला होता. तू धावत जाऊन तो बंद केलास, मी मेंटेनन्सला फोन केला. दोन वाजताही काटा सत्तरवर होता. तू दोन्ही आकडे लिहिलेस, खाली सही केलीस. शेजारच्या चेक्ड बायच्या रकान्यात मी सही केली. मग तू डेव्हिएशनचा फॉर्म भरलास, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. मला दाखवलास आणि म्हणालीस की अब्बा असते तर त्यांना आवडला असता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आधी तुला बोलावलं. ते पान नव्याने लिही म्हणाले. माल जायची तारीख आली होती आणि त्यांच्याही वर कोणीतरी बसलेलं होतं. तू नाही म्हणालीस. जे दिसलं ते लिहिलं, एवढंच तू त्यांना सांगितलंस आणि परत येऊन ट्रे लावायला लागलीस. मला काही बोलली नाहीस. मला वाटतं, मला सांगायची गरजच तुला वाटली नाही.

दुपारी मला बोलावलं. मला खुर्ची दिली, चहा दिला. नवऱ्याची कंपनी बंद होऊन चार महिने झाले होते, ते त्यांना माहीत होतं. मला पर्मनंट करायचं पत्र वर गेलंय, असं त्यांनी सहज सांगितलं. मग विचारलं, वनिता, तुला काटा नक्की दिसला होता का? का रुखसाना म्हणाली म्हणून तू सही केलीस? ते माणूस म्हणून वाईट नव्हते, रुखसाना. खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. तेवढी फट त्यांना पुरली. कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, तुझ्या शब्दांत लिही.

माझे शब्द म्हणजे तू शिकवलेले. मी लिहिलं: आय हॅव नॉट सीन द रीडिंग. आय साइन्ड बाय मिस्टेक. कोणाला न विचारता, डिक्शनरी न बघता लिहिलेली माझी पहिली दोन वाक्यं. चांगलं अक्षर काढलं होतं मी.

चार वाजता तुला आत बोलावलं, मी तिथेच उभी होते. साहेबांनी तो कागद तुझ्या हातात दिला. तू तो नीट वाचलास, तुझी सवय होती तशी, ओठ हलवत. मला वाटलं, तू माझ्याकडे बघशील. मी त्यासाठी तयारी केली होती. नवऱ्याचं सांगणार होते, मुलीचं सांगणार होते. तू कागद टेबलावर ठेवलास.

"स्पेलिंग सब सही है," म्हणालीस आणि बाहेर गेलीस.

तेरा वर्षं झाली. दुसरं कोणी मला इतकं लागेल असं काही बोललेलं नाही.

तुझ्या नावावर चुकीची नोंद केल्याचा ठपका आला. ड्रायरवरून काढलं, पॅकिंगला टाकलं, आणि आठ दिवसांत तू काम सोडलंस. शेवटच्या दिवशी गेटवर आपण समोरासमोर आलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, राजीनामा दिलास? तू थांबलीस. म्हणालीस, तुम्ही लोक याला राजीनामा का म्हणता? आमच्यात राजीनामा तेव्हा होतो जेव्हा दोन्ही बाजूचे लोक राजी असतात. आणि रिक्षात बसलीस.

तुला हे मी नंतरही सांगितलं नाही, की तो माल लॅबमध्ये नापास झाला. तीन आठवड्यांनी सगळा परत प्रोसेसला घेतला. कागदावर कारण वेगळंच लिहिलं, पण तो करपलेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे माझ्या त्या दोन वाक्यांनी कोणाचंच काही साधलं नाही, साहेबांचंही नाही. तुला परत बोलवा, असं कोणी म्हणालं नाही. मी पण म्हणाले नाही. मला पर्मनंटचं पत्र मिळालं. पेढे वाटले मी. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी आनंद झाला होता.

दोन वर्षं आपण बोललो नाही. मी अंबरनाथमध्ये तुझ्या गल्लीवरून जायचं टाळायची, मग कळलं की तू तिथून हललीस. मग भाचीच्या लग्नात ब्लाउजना लेस हवी होती म्हणून उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात गेले, आणि लेस-बटणांच्या त्या होलसेल दुकानात गल्ल्याच्या शेजारी तू बसलेली, कॉम्प्युटरवर इंग्रजीत पत्र टाइप करत. तुझे सिंधी शेठ मला लेसचे नमुने दाखवत होते आणि मला एकही दिसत नव्हता. तू मान वर केलीस. मी पळून जायच्या बेतात होते. तू शेठना म्हणालीस, ही माझी ओळखीची आहे, हिला चांगला माल दाखवा. मग मला विचारलंस, चाय पिएगी?

तो चहा पिताना आपण काय बोललो ते आठवत नाही. तुझी सबा पंधरा वर्षांची झाली होती, ते बोललो. माझ्या सासूचा मोतीबिंदू. मला एवढंच आठवतं की निघताना तू विचारलंस, नवा कुठला शब्द आला का? मी म्हटलं, कंप्लायन्स. तू दुकानाच्या पायरीपर्यंत आलीस. तामील, म्हणालीस. हुक्म की तामील. मग म्हणालीस, इस्तेमाल अगले इतवार को.

त्या रविवारी मी आले. पुढे अकरा वर्षं, महिन्यातून एखादा रविवार. तू घरी मुलींची इंग्रजी शिकवणी सुरू केलीस. सिंधी, मराठी, भय्यांच्या, सगळ्यांच्या मुली यायच्या आणि सगळ्यांना तू आधी उर्दू अर्थ सांगायचीस. एकीची आई तक्रार घेऊन आली तेव्हा तू म्हणालीस, मला दुसऱ्या रस्त्याने इंग्रजी येत नाही, चालत असेल तर पाठवा. तिने पाठवली. मी एका कोपऱ्यात बसून लसूण सोलायची आणि ऐकायची. तुझ्या त्या खोलीत मला जितकं बरं वाटायचं तितकं माझ्या घरी वाटलं नाही. आणि दर वेळी पायऱ्या चढताना मी ठरवायची की आज बोलायचं, आणि उतरताना कळायचं की आजही राहिलं.

एकदा बोलायला लागले होते. तुला आठवत असेल, भावाकडे नवं भात निघालं म्हणून तुला पाड्यावर घेऊन गेले होते. वहिनीने तुला जागेवरून उठू दिलं नाही. माझ्या वडिलांशेजारी बसून तू विचारलंस, काका, तफावत शब्द कुठून आला? वडील म्हणाले, "कुठना येल? आमचाच हाय." तू हात जोडलेस. परत येताना बदलापूर स्टेशनाबाहेर आपण उभ्या होतो आणि मी म्हटलं, रुखसाना, त्या शुक्रवारी साहेबांच्या केबिनमध्ये. तू मधेच म्हणालीस, गुडघे दुखतायत गं, जरा बसायला जागा बघ. मी जागा बघितली. बसल्यावर तू डोळे मिटून घेतलेस. मला तेव्हा वाटलं, तू मला अडवलंस. नंतर वाटलं, तू मला सोडवलंस. अजून नक्की ठरत नाही.

या गोष्टीचा मला तुझ्यावर रागही आहे, तो पण लिहून टाकते. तू एकदा भांडली असतीस तर बरं झालं असतं. तफावतसाठी तू दहा-दहा वर्षं भांडलीस. यासाठी एक दिवस भांडायला काय हरकत होती? तू गप्प राहिलीस आणि मला चहा देत राहिलीस, आणि मी तो पीत राहिले. तुझी माया होती की तुझी शिक्षा, हे मला विचारायचं होतं. कंपनीत आता मी कागदपत्रांच्या विभागात बसते. नवीन मुलं डेव्हिएशनचे फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. कोणी आकडा बदलू का म्हणून विचारलं तर मी त्यांच्यावर असं खेकसते की मागे मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्याने तुझं काही परत आलं नाही.

मग तुझं ऑपरेशन ठरलं. सबा औषधं आणायला खाली गेली होती. नर्सने संमतीचा फॉर्म आणला, इंग्रजीत. चष्मा नव्हता म्हणून तू मला वाचायला सांगितलंस. मी वाचत गेले आणि अर्थ सांगत गेले. कन्सेंटला तूच मधे म्हणालीस, रजामंदी. तू सही केलीस. खाली साक्षीदाराची जागा होती. नर्स म्हणाली, नातेवाईक येऊ दे. तू म्हणालीस, ये है ना. पेन माझ्या हातात दिलंस. हाताला सुई होती तुझ्या, तरी माझं मनगट धरलंस.

"पढ़ के करना," म्हणालीस.

एवढंच. रागाने नाही, हसूनही नाही. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, नर्स घड्याळ बघत होती तरी वाचलं, आणि सही केली. मला वाटलं, आता बोलावं. पण तेवढ्यात स्ट्रेचर आलं, सबा आली, तू तिला फ्रीजमधल्या कैऱ्यांचं सांगायला लागलीस. मी म्हटलं, बाहेर आली की बोलू. तू बाहेर आलीस, पण बोलण्यासारखी राहिली नाहीस. सहा दिवस मी तुझ्या कॉटशेजारी बसले आणि तू झोपलेलीच होतीस. झोपलेल्या माणसाला सांगून मोकळं व्हायचं मला पटेना.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गर्दी होती. शेठ कुटुंबासकट आले होते, शिकवणीच्या मुली भिंतीला टेकून रडत होत्या. मी दारातूनच परतले. मंगळवारी दुपारी पुन्हा गेले, सबा एकटी होती. तुझे कपडे घड्या करून पिशव्यांत भरत होती. मी तिच्याशेजारी बसून घड्या घालायला लागले. तुझा तो निळा सूट हातात आला आणि मला पुढे होईना. मी म्हटलं, सबा, तुझ्या अम्मीच्या कंपनीचं मला काही सांगायचं आहे. तिला काम का सोडावं लागलं ते.

ती म्हणाली, मला माहीत आहे खाला. अम्मीने सगळं सांगितलंय, तो काटा, तो फॉर्म, साहेब. मी तिच्याकडे बघू शकले नाही. बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "अम्मी बोलती थी, उस दिन आप छुट्टी पर थीं. आप होतीं तो उनके साथ खड़ी रहतीं."

तेरा वर्षं, रुखसाना. स्वतःच्या लेकीला.

मी तिला सांगितलं. मी सुट्टीवर नव्हते. मी तिथेच होते, काटा मी पाहिला होता, सही माझी होती, आणि दुसऱ्या दिवशीचा कागदही माझाच. त्यावर काय लिहिलं होतं ती दोन्ही वाक्यं सांगितली. नवऱ्याच्या कामाचं सांगितलं नाही. ते मधे आणावंसं वाटलं नाही. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

सबाने हातातला दुपट्टा घडी न घालताच मांडीवर ठेवला. तिचं तोंड तुझ्यासारखं आहे, काही कळू देत नाही. मग तिने विचारलं, अम्मी मुझसे झूठ क्यूँ बोली? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी येत राहावं म्हणून असेल. मी घरात आले की तुझ्या मुलीने मला पाणी द्यावं म्हणून असेल. नाहीतर तुलाच तसं व्हायला हवं होतं म्हणून असेल.

ती उठून आत गेली. मी निघावं की थांबावं ते कळेना, म्हणून उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, डोळे धुऊन. पिशव्यांची तोंडं बांधली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नव्हतं. दारापर्यंत आली. मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाली की चाळीसाव्याला खूप माणसं येणार आहेत, रोट्या लाटायला हात कमी पडतील, तुम्ही सकाळी लवकर याल का?

येईन, म्हटलं. एकवीस दिवस आहेत अजून. पोळपाट माझा घेऊन जाते; तुझा लहान आहे.